मंडळीत नवे आहात? प्रार्थनेला सुरुवात अशी करा

लग्न होऊन दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या समूहात आलेली सून, बदलीमुळे नगरहून पुण्याला आलेलं कुटुंब, बऱ्याच वर्षांनी पुन्हा चर्चची पायरी चढलेला एखादा, या सगळ्यांची तक्रार सारखीच असते. "बाकीचे कसे धडाधड प्रार्थना करतात, आणि मला दोन वाक्यं सुचत नाहीत." त्यावर त्यांना हमखास सल्ला मिळतो तो असा: घरी एकांतात बसा, मनातलं बोला, आपोआप जमेल. माझं मत उलट आहे. एकट्याने बसून प्रार्थना क्वचितच जमते. ती मंडळीत बसून, दुसऱ्यांची ऐकून, त्यांचे शब्द आधी आपल्या तोंडी बसवून येते. एकांताला बळ येतं ते त्यानंतर. शिष्यांनी प्रभू येशूला "आम्हांला प्रार्थना करायला शिकवा" म्हटलं तेव्हा त्याने प्रार्थनेवर व्याख्यान दिलं नाही, म्हणायला शब्दच दिले. तीच "प्रभूची प्रार्थना".

खाली लिहिते आहे ते मुख्यतः चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळ्यांच्या वहिवाटीवरून. इतर मंडळ्यांत नावं बदलतील, पण बराचसा भाग तिथेही लागू पडेल.

आधी मंडळीची चाल ओळखा

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली. त्यात सहा वेगवेगळे चर्च-समूह एकत्र आले. नवख्या माणसाला या इतिहासाची एरवी गरज पडली नसती, पण तो अजून प्रत्येक मंडळीच्या प्रार्थनेत ऐकू येतो. नगर, सोलापूर, सातारा या पट्ट्यातल्या बऱ्याच मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. तिथे पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि मंडळीतली माणसं आपल्या शब्दांत, बिनकागदाची प्रार्थना करतात. जी चर्चेस मुळात अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली) होती, तिथे छापील उपासनाक्रम असतो. पाळक एक ओळ म्हणतात, मंडळी दुसरी म्हणते. एका प्रकारातून दुसऱ्यात आलेला माणूस पहिले काही महिने हमखास कुरकुरतो. नगरकडच्याला छापील प्रार्थना कोरडी वाटते. छापील प्रार्थनेची सवय असलेल्याला नगरकडची मोकळी प्रार्थना पसरट वाटते.

यातलं बरं कोणतं, हा वाद घालत बसू नका. पाठ केलेली प्रार्थना आजारपणात उशाशी येते, आपल्या शब्दांतली प्रार्थना भांडणाच्या दिवशी उपयोगी पडते. दोन्ही शिकून घ्या.

पहिले काही रविवार

घरून निघताना पवित्र शास्त्र (बायबल) आणि उपासना संगीत (मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक) दोन्ही घ्या. मोबाइलमध्ये शास्त्र असलं तरी पुस्तकच बरं, कारण मोबाइल उघडला की व्हॉट्सअ‍ॅपही उघडतं. मधल्या रांगेत बसा. अगदी मागे बसलात तर उशिरा येणाऱ्यांची आणि रडणाऱ्या बाळांची वर्दळ सोसावी लागते, आणि प्रतिसाद कधी म्हणायचा हे कळत नाही. मधे बसलं की समोरच्यांकडे पाहून उभं राहता येतं.

पापांगीकार (पापांची कबुली), विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारे ठरलेले शब्द), प्रभूची प्रार्थना आणि शेवटचा आशीर्वाद, एवढ्या चार गोष्टींवर सुरुवातीला लक्ष ठेवा. या दर रविवारी येतात. तोंडपाठ होईपर्यंत हळू आवाजात सगळ्यांबरोबर म्हणत राहा. आशीर्वाद होण्याआधी गाडी काढायला बाहेर पळणारे प्रत्येक मंडळीत असतात. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. "प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता" हे शब्द आठवडाभराची शिदोरी आहेत, आणि ते ऐकायला थांबलेली माणसंच नंतर दारात तुमची विचारपूस करतात.

दारात पाळकसाहेब हात मिळवायला उभे असतात. "जय ख्रिस्त" म्हणा, नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, आणि घरी भेटीला येण्याचं आमंत्रण तिथेच देऊन टाका. पाळकांची घरभेट ही नुसती चहाची भेट नसते. ते शास्त्रातला एखादा भाग वाचतात, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. आपल्या घरात आपल्या माणसांची नावं घेऊन झालेली ती पहिली प्रार्थना नीट ऐका. नाव घेऊन मागायचं कसं, याचा तो पहिला धडा समजा.

घरी: दहा मिनिटं, ठरलेली जागा, आयते शब्द

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. वेळ कोणतीही चालेल, पण ती रोज तीच असावी. पहाटे चारला उठून प्रार्थना करणाऱ्यांच्या साक्षी ऐकून हुरळून जाऊ नका. पाळीवर कामाला जाणाऱ्याने पाळी संपल्यावर बसावं, लहान मूल असलेल्या आईने ते झोपल्यावर.

क्रम साधा ठेवा. उपासना संगीतातलं एखादं कडवं म्हणा, एक स्तोत्र मोठ्याने वाचा, थोडा वेळ गप्प बसा, घरातल्यांची नावं घ्या आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठा. स्तोत्रं १५० आहेत. रोज एक घेतलं तर पाच महिन्यांत पूर्ण होतात. अपवाद ११९ व्या स्तोत्राचा. ते १७६ ओव्यांचं आहे, तेव्हा त्याचे मूळचेच आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग पाडलेले आहेत, त्यांतला रोज एक घ्या. स्तोत्रांत राग आहे, रडणं आहे, "हे परमेश्वरा, कुठवर?" असं थेट विचारणं आहे. काही ओळी वाचताना हे देवाला कसं म्हणायचं असं वाटेल. म्हणा. देवापुढे फक्त गोडच बोलायचं असतं ही समजूत स्तोत्रं वाचली की पहिल्या महिन्यातच सुटते.

गाण्याचं महत्त्व मराठी मंडळीला वेगळं सांगायला नको. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, आणि पुढच्या चोवीस वर्षांत त्यांनी मंडळीला अभंग, भजनं आणि पदं यांचा एवढा ठेवा दिला की आज उपासना संगीत उघडलं की ठिकठिकाणी त्यांचं नाव दिसतं. त्याआधीही मराठीत ख्रिस्ती गीतं होती, पण बरीचशी इंग्रजी चालींवर बेतलेली. टिळक तुकोबांच्या अभंगांवर पोसलेले कवी. त्यांची पदं कामं करताना, भाकरी थापताना, बसमध्ये उभं असताना मनात घोळवता येतात. शब्द सुचत नसतील त्या दिवशी टिळकांचं एक पद सावकाश म्हटलं तरी त्या दिवसाची प्रार्थना झाली असं खुशाल समजा.

बुधवारची प्रार्थना सभा

खरं शिक्षण इथे होतं. कुठे बुधवारी, कुठे शुक्रवारी, कुठे दर आठवड्याला वेगळ्या घरी, पण बहुतेक मंडळ्यांत मधल्या वारी संध्याकाळी प्रार्थना सभा असते. रविवारी दोनशे माणसं असली तर इथे पंधरा-वीस. नवा माणूस इथे लपत नाही, आणि तेच बरं.

सभा साधारण अशी चालते. सतरंजीवर किंवा सोफ्यावर सगळे दाटीवाटीने बसतात. घरच्या आजी पेटी नसली तरी गीताची सुरुवात करतात, आणि ती नेहमी एक पट्टी वर लागते. एक गीत, शास्त्रवाचन, दहा-पंधरा मिनिटांचं मनन. मग पाळक किंवा सभेचे पुढारी विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची बारावी, कुणाची नोकरी, पाऊस लांबलेला, गावाकडच्या वडिलांचं दुखणं. विषय सांगून झाले की साखळी प्रार्थना: एकामागून एक, ज्याला जमेल त्याने. शेवटी पाळक समारोपाची प्रार्थना करतात, सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, आणि मग चहा-पोहे.

पहिल्या एक-दोन सभांत नुसतं ऐका. कान उघडे ठेवलेत तर लक्षात येईल की सगळ्यांत मोठी प्रार्थना करणाऱ्याची प्रार्थना सगळ्यांत चांगली असतेच असं नाही. काहीजण प्रार्थनेत देवालाच बातम्या सांगतात, काहीजण समोरच्याला उपदेश करून घेतात: "बापा, आमच्यातल्या काहींना वेळेवर यायची बुद्धी दे." हसू आलं तर खाली मान घाला. आणि एखादी मावशी चार वाक्यांत असं काही बोलून जाते की खोली शांत होते. तिच्या शब्दांकडे लक्ष द्या. तिने देवाला कोणत्या नावाने हाक मारली, आधी काय म्हटलं, मागणं कुठे आलं. पुढच्या वेळी तेच शब्द उसने घ्या. मंडळीत याला कुणी चोरी म्हणत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या प्रार्थनाही अशाच कुणाच्या तरी ऐकून घडलेल्या आहेत.

पुढच्या सभेला तोंड उघडायचं. सगळ्यात सोपा मार्ग असा: सांगितलेल्या विषयांपैकी एकच विषय मनात धरा, आणि तीन-चार वाक्यं ठरवून ठेवा. देवाला हाक, उपकार, मागणं, आणि प्रभूच्या नावाने शेवट. उदाहरणार्थ: "हे आमच्या स्वर्गीय पित्या, आज आम्हांला इथे एकत्र आणलंस म्हणून तुझे उपकार मानतो. मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. डॉक्टरांच्या हातांना यश दे, मावशींच्या मनातली भीती काढून टाक. हे आम्ही येशूच्या नावाने मागतो, आमेन." झालं. अर्धं मिनिट. कागदावर लिहून आणून वाचलंत तरी चालतं. आवाज थरथरला तरी चालतो. मधे अडलात तर "आमेन" म्हणून थांबा, कुणी तरी लगेच पुढचा धागा उचलतं. आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेनंतर खणखणीत "आमेन" म्हणायला विसरू नका. ज्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं आहे त्याला त्या एका शब्दाने किती धीर येतो ते तुम्हाला तुमची पाळी आल्यावर कळेल.

बोलीची लाज नको. वऱ्हाडी, नगरी, कोकणी वळणाची मराठी, सगळी प्रार्थनेत चालते. "तुझिया चरणी लीन होऊनि" असली ग्रंथाळ भाषा येत नसेल तर तिच्या मागे लागू नका.

विषयांची वही, आणि तोंडाला कुलूप

एक छोटी वही करा. डावीकडे तारीख आणि विषय, उजवीकडची बाजू मोकळी. रोजच्या दहा मिनिटांत त्यातली दोन-तीन नावं घ्या. आठवड्याने किंवा महिन्याने त्या माणसाला विचारा: "आईचं ऑपरेशन कसं झालं?" उत्तर उजवीकडे लिहा. बरं झालं असेल तर तसं, नसेल तर तसंही. मंडळीत प्रार्थना करणारे पुष्कळ असतात. पुन्हा विचारणारे थोडे. ज्याच्यासाठी मागितलं त्याला नंतर फोन केला, की ती प्रार्थना त्याच्याही घरात पोचते.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर विषय आला की हात जोडलेली चित्रं आणि "आमेन" यांचा पाऊस पडतो. टाका तुम्हीही, पण ते टाकायच्या आधी जागच्या जागी डोळे मिटून एक वाक्य खरंच म्हणा. तेवढी शिस्त लावून घेतली तर गटाचा उपयोग होतो, नाहीतर तो नुसता निरोपांचा ढीग.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. मंडळीतल्या कुचाळक्या बऱ्याचदा प्रार्थनेचा विषय म्हणूनच बाहेर पडतात. "त्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, घरी जरा..." आणि पुढे सगळी कहाणी. दुसऱ्याचा विषय त्याची परवानगी असल्याशिवाय सभेत मांडू नका. मांडायचाच असेल तर "एका कुटुंबासाठी" एवढंच म्हणा. देवाला पत्ता माहीत आहे. आणि तुमच्या कानावर काही आलं तर ते घरी जाऊन नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगू नका. जिथे लोकांचा विश्वास उडतो, तिथे विषय सांगताना फक्त मोतीबिंदू आणि बारावी उरते. खरी दुखणी कुणी बोलून दाखवत नाही.

आजाऱ्याच्या उशाशी

महिला मंडळ किंवा तरुण संघाबरोबर दवाखान्यात जायची वेळ येईल. आधी फोन करा, भेटीच्या वेळेतच जा, चार-पाचजणांहून जास्त नको. "प्रार्थना करू का?" असं रुग्णाला विचारा, नातेवाइकांना नाही. तेविसावं स्तोत्र वाचा: "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." त्यात सहाच ओव्या आहेत आणि म्हाताऱ्या माणसांना त्या पाठ असतात, त्यामुळे गुंगीतसुद्धा ओठ हलतात. प्रार्थना छोटी आणि हळू आवाजात करा, कारण शेजारच्या खाटेवर दुसरा आजारी आहे. तेलाने अभिषेक करायचा असेल तर पाळकांना आणि वडीलजनांना (मंडळीच्या जबाबदार ज्येष्ठांना) बोलवा. याकोबाच्या पत्रातही त्यांनाच बोलवायला सांगितलं आहे.

"विश्वास ठेवला तर औषध बंद करता येईल" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा, मग म्हणणारा कितीही मोठा असो. इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, मनाच्या आजाराची औषधं, यांतलं काहीही प्रार्थनेच्या जोरावर सोडायचं नसतं. उपवास प्रार्थनेलाही हाच नियम. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, म्हाताऱ्यांनी जेवण सोडू नये. त्याऐवजी टीव्ही किंवा मोबाइल सोडावा. तो उपवास बऱ्याचजणांना जेवणापेक्षा जड जातो.

वर्षाची चाल

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कित्येक मंडळ्यांत प्रार्थना सप्ताह असतो. हा सप्ताह जगभर पसरला तो आपल्याच देशातून. पंजाबातल्या लुधियानाच्या मिशनऱ्यांनी १८५८ साली हाक दिली, की १८६० च्या जानेवारीत सगळीकडच्या ख्रिस्ती लोकांनी एक आठवडा प्रार्थनेला द्यावा. नवख्यासाठी हा आठवडा उत्तम, कारण रोज सभा असते आणि विषय ठरलेले असतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन येतो. त्याचा उपासनाक्रम दर वर्षी वेगळ्या देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया तयार करतात. आपल्या मंडळीतल्या बायका तो मराठीत चालवतात, आणि व्यासपीठावर कधीच न चढलेली एखादी बाई त्या दिवशी वाचन करते. नव्या सुनेने त्या दिवशी एखादं वाचन मागून घ्यावं.

भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होतो. या चाळीस दिवसांत घरोघरी सभा असतात. एका संध्याकाळी तुमच्या घरी सभा ठेवायला पाळकांना सांगा. घर लहान आहे, खुर्च्या नाहीत, ही सबब कुणी मोजत नाही. सतरंजी आणि चहा एवढीच तयारी. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना असते. ती लांब असते, पण निदान एकदा पूर्ण बसा.

एकत्र प्रार्थनेने काय होतं याचं मराठी मुलखातलं सगळ्यांत ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं. पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात मुलींना आणि बायकांना प्रार्थनेसाठी गटागटाने एकत्र बसवलं, आणि १९०५ साली तिथे जे संजीवन (धार्मिक जागृती) झालं त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. पण तिथल्या बऱ्याच जणी दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या होत्या, आणि प्रार्थनेइतकंच शिवण, शेती, छपाई हेही तिथे चालत असे. केडगावची गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो.

वसईकडच्या किंवा मुंबईतल्या कॅथलिक कुटुंबात तुमचं येणं-जाणं असेल तर तिथली वाट थोडी वेगळी दिसेल. रोजची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), आणि ऑक्टोबरात वाडीवाडीतून घरोघर जपमाळ. जपमाळेच्या दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या भागात, दहा वेळा "नमो मरिया" म्हणतात, आणि लहान मूलसुद्धा अर्धं दशक चालवतं. लाजऱ्या माणसाला सवय लावायला यासारखी सोपी पद्धत दुसरी नाही, हे प्रोटेस्टंट असूनही मला मान्य करायला हरकत वाटत नाही.

कोरडे दिवस, आणि भांडणाचे

कधीतरी प्रार्थना नकोशी होईल. घरात मृत्यू झाला, मागितलेलं मिळालं नाही, किंवा काहीच कारण नाही. अशा वेळी घरची दहा मिनिटं चुकली तरी चालेल, सभा चुकवू नका. जाऊन गप्प बसा. पुढाऱ्याला आधीच सांगून ठेवा, "आज मी प्रार्थना करणार नाही, तुम्ही माझ्यासाठी करा."

मंडळीच्या कमिटीच्या निवडणुका आल्या की आणखी एक प्रकार होतो. कालपर्यंत एकत्र प्रार्थना करणारी दोन घरं एकमेकांचं तोंड चुकवतात. नव्या माणसाला दोन्हीकडून चहाचं बोलावणं येतं. चहा दोन्हीकडे घ्या, गटात मात्र शिरू नका. वहीत दोन्ही घरांची नावं एकाखाली एक लिहा आणि रोज दोन्ही घ्या. पहिल्या दिवशी जड जातं.

दुसऱ्या गावी जायचं झालं तर

पुन्हा बदली झाली तर निघण्याआधी पाळकांकडून मंडळीच्या सभासदत्वाचं पत्र मागून घ्या. लेकरांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणि मोठ्यांच्या दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीची) नोंद त्याच वेळी मिळवा, कारण दहा वर्षांनी लग्नाच्या वेळी तेच कागद शोधत फिरावं लागतं. ज्या घरी शेवटची सभा असेल तिथे तुमचा विषय सांगा: नवं गाव, नवं घर, मुलांची शाळा. नव्या मंडळीत पोचल्यावर पहिल्या बुधवारी सभा कुठे आहे ते रविवारीच दारात विचारा, आणि विषयांची वही बरोबर न्या.